सात मैलांची गळती

मॅलकी डर्कनच्या गाडीचा रेडिएटर अकरा वर्षं गळत होता, आणि तो दुरुस्त होऊ नये म्हणून मॅलकीने या अकरा वर्षांत जेवढी मेहनत घेतली तेवढ्या मेहनतीत दुसऱ्या कुणी अख्खी गाडी नव्याने जुळवली असती.

अर्थात हे बोलून दाखवायचं नसतं. बोलताना मॅलकी अगदी उलट बोलायचा. चर्चच्या पायऱ्यांवर, टपालाच्या खिडकीशी, पबमध्ये, कुणीही नुसतं "काय मॅलकी, गाडी काय म्हणते?" असं विचारलं की तो टोपी मागे सरकवून सुस्कारा सोडायचा, "कसली गाडी आणि कसलं काय! हा रेडिएटर एकदा बदलायला हवा बुवा." ऐकणारा मान डोलवायचा आणि आपल्या वाटेने जायचा. आमच्या मेयो परगण्यात असली वाक्यं कुणी मनावर घेत नाही. "पाऊस थांबायला हवा" म्हणणाऱ्याला कुणी पाऊस थांबवून देत नाही, त्यातलाच प्रकार.

गाडी हिरवी होती, म्हणजे जिथे गंज नव्हता तिथे हिरवी. अख्ख्या ड्रमकील गावात भाड्याची गाडी ती एकच. रविवारी म्हाताऱ्याकोताऱ्यांना चर्चमध्ये मिस्साला न्यायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी कॅसलबारच्या दवाखान्यात, आणि मधल्या दिवसांत गुरांचा बाजार, लग्नं, मयतं. मॅलकी त्रेपन्न वर्षांचा, अंगाने काटकुळा, संसाराने एकटा. रस्त्यात कोंबडी आडवी आली तर थांबून तिचं काय ठरतंय ते बघणारा. त्याची गाडी ताशी पंचवीस मैलांच्या वर गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

ड्रमकील ते कॅसलबार चौदा मैल. बरोबर सात मैलांवर क्रोगचा चढ, आणि चढ संपतो तिथे डाव्या हाताला नोनी किलकॉइनचं घर. आता त्या रेडिएटरचा गुण असा, की सपाटीवर तो थेंब थेंब गळायचा, चढाला लागलं की काटा लाल रेघेकडे सरकायचा, आणि नोनीच्या फाटकासमोर बॉनेटमधून वाफ निघायची. फर्लांगभर आधी नाही आणि फर्लांगभर नंतर नाही. अकरा वर्षांत रेडिएटरने एकदाही चूक केली नव्हती.

"आलं तुझं देऊळ," मागच्या सीटवरून टार्पीबाई म्हणायच्या. टार्पीबाईंनी ड्रमकीलच्या शाळेत चाळीस वर्षं छडी चालवली होती, मॅलकीवरही आणि नोनीवरही. आता गुडघे गेले होते, म्हणून दर शुक्रवारी दवाखाना. जीभ मात्र शाबूत होती. त्या गाडीतून उतरत नसत. पर्समधून जपमाळ काढत आणि म्हणत, "जा. तुझं होईपर्यंत माझी एक माळ होते."

मॅलकी उतरायचा, बॉनेट उघडायचा आणि हे आज पहिल्यांदाच घडतंय अशा चेहऱ्याने आत डोकवायचा. तोवर नोनी फाटकाशी आलेली असायची, हातात पांढरा इनॅमलचा जग घेऊन.

"पुन्हा तापली?"

"पुन्हा तापली."

"पाणी लागेल मग."

"चालेल थोडंसं. तुला अडचण नसेल तर."

या थोड्याशा पाण्यासाठी नोनीने पन्हळीखाली वेगळं पिंप ठेवलं होतं. विहिरीचं पाणी जड, त्याने नळ्यांत क्षार धरतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. म्हणून गाडीला पावसाचंच पाणी, आणि तेही पिठाच्या जुन्या पिशवीच्या फडक्यातून दोनदा गाळलेलं. स्वतः ती विहिरीचं पाणी प्यायची.

पण जग लगेच ओतता येत नसे. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत, पान एकेचाळीसवर, ठळक अक्षरांत लिहिलं होतं की तापलेल्या रेडिएटरचं झाकण निदान वीस मिनिटं उघडू नये. मॅलकीने आयुष्यात दोनच गोष्टी तोंडपाठ केल्या होत्या, एक रात्रीची प्रार्थना आणि दुसरं हे पान.

"वीस मिनिटं इथे उभा राहून काय करणार? चहा टाकते," नोनी म्हणायची.

"छे छे, नको. कशाला उगाच तुला त्रास."

"त्रास कसला? किटली चुलीवरच आहे."

"नको गं, खरंच नको. आत्ताच घेऊन निघालो."

"अरे, ये की."

"बरं, म्हणतेसच तर. पण अर्धाच कप."

मग कप काठोकाठ भरला जायचा, आणि सोड्याच्या पावाच्या दोन जाड फोडी लोण्यासकट पुढ्यात यायच्या. मॅलकीने त्या दोन्ही खाल्ल्या नाहीत असं एकदाही झालं नाही. चुलीत पीटची, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची, ढेकळं धुमसत असायची, दोघं तिच्या दोन बाजूंना बसायची आणि कोंबड्यांविषयी, हवेविषयी, कोण मेलं त्याविषयी बोलायची. विसाव्या मिनिटाला मॅलकी उठायचा. त्याच्या आयुष्यातली ही वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा. बाकीचा आठवडा हा त्या मिनिटांकडे जायचा रस्ता होता, बस्स.

आता हे 'नको' काय असतं ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पहिलं 'नको' म्हणजे नुसता घसा साफ करणं. दुसरं 'नको' म्हणजे ऐकतोय, पुढे बोला. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खुर्ची ओढतो आणि अर्धाच कप मागतो. पहिल्या बोलावण्याला 'हो' म्हणणारा हावरट ठरतो, आणि पहिल्या 'नको'वर किटली खाली उतरवणाऱ्या घरात पुढची तीन वर्षं कुणी पाय ठेवत नाही. मॅलकीही याच मातीतला. त्याने जन्मात कधी पहिल्या 'नको'वर कुणाचा पिच्छा सोडला नव्हता.

एकदाच सोडला होता. एकोणीसशे एकसष्टच्या ऑक्टोबरात, याच फाटकाशी. हॉलमधला नाच आटोपून तो नोनीला सायकलवरून सोडायला आला होता. सात मैल त्याने एक वाक्य मनात घोळवलं होतं आणि फाटकाशी आल्यावर ते तीन तुकड्यांत बाहेर पडलं. "नोनी, तू ड्रमकीलला... म्हणजे आमच्या घरी... येशील का राहायला?"

नोनी सायकलच्या घंटीकडे बघत म्हणाली, "छे छे, नको. कशाला उगाच तुला त्रास."

"बरं मग," मॅलकी म्हणाला. "निघतो मी."

आणि निघाला. क्रोगच्या उतारावर त्याने एकदाही ब्रेक दाबला नाही. नोनी फाटकाशी किती वेळ उभी होती हे त्याला ठाऊक नाही, कारण त्याने मागे वळून पाहिलं नाही. तिने नकार दिला, विषय संपला, असं त्याने घरी जाऊन उशीला सांगितलं आणि पुढची सव्वीस वर्षं उशीने ते खरं मानलं. त्याने दुसरं कुणी पाहिलं नाही. तिनेही नाही, ती वडलांचं करत राहिली, वडील गेल्यावर भावाचं. भाऊ तुसडा. त्याच्या हयातीत त्या फाटकाशी थांबायला टपालवालाही कचरायचा.

भाऊ गेला त्याच्या पुढच्या वसंतात क्रोगच्या चढावर एक खडा उडाला आणि मॅलकीच्या रेडिएटरला लागला. हे खरोखर झालं. त्यात मॅलकीचा काही हात नव्हता, हे तो शपथेवर सांगेल. वाफ आली, तो थांबला, नोनीने पाणी दिलं, चहा विचारला, तीनदा विचारला. वीस मिनिटं तो चुलीपाशी बसला. परतीच्या वाटेवर त्याला कळून चुकलं होतं की हे भोक काही आपल्याच्याने बुजवलं जाणार नाही.

पण गळती ही मारून टाकण्यापेक्षा जगवणं कठीण. भोक आपसूक मोठं होतं. एका पावसाळी मंगळवारी गाडी चौथ्या मैलावरच उकळली, म्हणजे कॅफर्टीच्या डुकरांच्या गोठ्यासमोर, आणि कॅफर्टीने जो चहा दिला तो मॅलकी अजून विसरलेला नाही. त्यावर त्याने धुण्याच्या साबणाची गोळी करून भोकाच्या कडेला थापली. मग साबण जास्त झाला आणि गाडी नोनीचं फाटक ओलांडून थेट कॅसलबारला पोचली, थंडगार. मग मोजे रफू करायच्या सुईने थोडं खरवडलं. असं करत करत त्याचा हात बसला. दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी तो शेडचं दार लावून घ्यायचा, पत्र्याच्या डब्यात थेंब मोजायचा, साबण चोळायचा, सुई फिरवायचा, पुन्हा मोजायचा. सात मैल, चढासकट. हिवाळ्यात पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून रोज संध्याकाळी रेडिएटर रिकामा करायचा आणि सकाळी भरायचा. आमच्यातल्या पुष्कळ जणांनी संसार याहून कमी काळजीने केले आहेत.

गावाला वाटायचं, बिचारा. गाव सल्ले द्यायचं. एकाने सांगितलं मिरपूड घाल, दुसऱ्याने मोहरीची पूड, तिसऱ्याने ओटचं पीठ. मॅलकी सगळ्यांचे आभार मानायचा आणि मिरपूड घरी नेऊन उकडलेल्या बटाट्यावर घालायचा. टार्पीबाई मात्र सल्ला देऊन थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका शुक्रवारी निघायच्या आधी, मॅलकी त्यांच्या काठ्या आणायला आत गेलेला असताना, त्यांनी गार रेडिएटरचं झाकण उघडून आपल्या कोंबडीचं अंडं आत फोडलं. अंडं तापून शिजलं आणि भोकात चपखल बसलं. गाडी चढ चढून गेली, फाटकावरून गेली, आणि काटा हलला नाही.

नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मॅलकीचं दोन पौंड वजन उतरलं. दहाव्या दिवशी शेडमध्ये सुई फिरली आणि सृष्टीचा क्रम पूर्ववत झाला, फक्त पुढे महिनाभर हीटर लावला की गाडीत ऑम्लेटचा वास यायचा.

"माझं अंडं टिकलं कसं नाही रे?" टार्पीबाईंनी विचारलं.

"ताजं नसेल," मॅलकी म्हणून गेला. टार्पीबाईंच्या कोंबड्यांवर कुणी असा आरोप केला नव्हता. त्या दोन शुक्रवार त्याच्याशी बोलल्या नाहीत.

आता गाडीत एवढं मोठं भोक असताना गॅरेजवाला काय करत होता, असं कुणी विचारेल. गॅरेजवाला जार्लाथ मॅनियन मनातलं ओळखणारा माणूस. मॅलकी वर्षातून दोनदा त्याच्याकडे जाऊन म्हणायचा, "हा रेडिएटर एकदा बघायला हवा." जार्लाथ हात पुसत म्हणायचा, "बघू की पुढच्या आठवड्यात." मॅलकी म्हणायचा, "घाई नाही काही." अकरा वर्षं हा पुढचा आठवडा दोघांनी मिळून पुढे ढकलला होता.

पण जार्लाथची बायको होती गुद्रुन. ती जर्मनीची, आणि खरं सांगायचं तर त्याच्याहून चांगली मेकॅनिक. गळतं ते थांबवायचं, वाकलं ते सरळ करायचं, आणि माणूस बोलला ते त्याच्या मनात आहे असं धरून चालायचं, एवढं साधं तिचं डोकं. त्यामुळे तिच्या घरी गेलेली माणसं तहानलेली परत यायची. ती विचारायची, "चहा?" पाहुणा म्हणायचा, "छे छे, नको." ती म्हणायची, "बरं," आणि समोर बसून गप्पा मारायला लागायची. खुद्द फादर एकदा तिच्या घरून निघाले ते शेजारच्या घरात शिरून किटलीसमोर जाऊन बसले. बारा वर्षं गावाने हे सोसलं. शेवटी त्या वर्षी ईस्टरला जार्लाथने तिला बसवून नीट समजावलं. "हे बघ, इथे 'नको' म्हणजे नको नसतं. पहिलं तर नसतंच, दुसरंही नसतं. माणूस जेवढ्या जोरात नको म्हणतो तेवढं त्याला हवं असतं."

"मग सरळ 'हो' का म्हणत नाहीत?" गुद्रुनने विचारलं.

"बरं दिसत नाही."

गुद्रुनला हे पटलं नाही, पण ती शिस्तीची बाई. नियम आहे ना, मग पाळायचा. आणि मे महिन्यात जार्लाथ बहिणीच्या लग्नाला बोस्टनला गेला असताना तिने तो पहिल्यांदा वापरला, तोही चहावर नाही.

"मॅलकी," ती म्हणाली, "एक मोडीतली गाडी आली आहे, अगदी तुमच्यासारखी. तिचा रेडिएटर नव्यासारखा आहे. तुमच्या गाडीला बसवते."

मॅलकीच्या तोंडचं पाणी पळालं. "छे छे, नको! कशाला उगाच तुला त्रास."

"त्रास कसला? पाऊण तासाचं काम."

"नको, खरंच नको. माझं बरं चाललंय."

"तुम्हीच सगळीकडे सांगता, बदलायला हवा म्हणून."

"ते बोलण्यातलं गं!" मॅलकी जवळजवळ ओरडलाच. "नको म्हणजे नको! अगदी, अगदी नको!"

गुद्रुन त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिली. तीनदा 'नको', आणि तिसरं तर एवढं जोरात. बिचाऱ्याला किती हवा असेल! दुसऱ्या दिवशी मॅलकी मिस्साला बसला असताना तिने चर्चबाहेरून गाडी नेली, किल्ली तर आमच्याकडे गाडीतच असते, आणि शेवटचं स्तोत्र संपायच्या आत आणून उभी केली. चर्चमधून बाहेर पडणाऱ्या अख्ख्या गावासमोर तिने बॉनेट उघडून दाखवलं. "एक थेंब गळणार नाही. वीस वर्षं बघायला नको." गावाने टाळ्या वाजवल्या. मॅलकीने टोपी काढली आणि म्हणाला, "फार उपकार झाले." आवाज मयतात बोलतात तसा होता, पण गावाला वाटलं गहिवरलाय.

पहिल्या मंगळवारी गाडी क्रोगचा चढ अशी चढली की मॅलकीला तिची लाज वाटली. नोनी जग घेऊन फाटकाशी उभी. काटा मधोमध. गाडी थांबवायला काहीच कारण नव्हतं, आणि कारण नसताना एका बाईच्या दाराशी गाडी थांबवणारा माणूस मॅलकी डर्कन नव्हता. त्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, रस्त्यात कुणीही भेटलं की उचलतो तसं, आणि पुढे गेला. आरशात नोनी लहान होत गेली. जग तिच्या हातातच होता.

शुक्रवारी मागून टार्पीबाईंनी विचारलं, "थांबायचं नाही?"

"गरज नाही पडली."

"हं," टार्पीबाई म्हणाल्या, आणि काढलेली जपमाळ पर्समध्ये ठेवली.

एका गुरुवारी त्याने शेडचं दार लावून सुई काढली. नवा रेडिएटर काळा कुळकुळीत चमकत होता. मॅलकीने सुई नळ्यांपर्यंत नेली आणि परत डबीत ठेवली. जुनं भोक देवाने पाडलं होतं, मॅलकीने फक्त ते सांभाळलं. धडधाकट वस्तूला स्वतःच्या हाताने भोसकायचं त्याच्याने होईना. शिवाय गुद्रुनने पाऊण तासात तिसरा बसवला असता. मग देवाला आणखी एक संधी द्यावी म्हणून तो खडी वाहणाऱ्या ट्रकच्या मागे चिकटून मैलभर गेला. डावा दिवा फुटला, काचेला तडा गेला. रेडिएटरला ओरखडाही नाही.

दुसऱ्या आठवड्यात नोनी फाटकाशी नव्हती, दारात होती. तिसऱ्या आठवड्यात दारातही नव्हती. पन्हळीखालच्या पिंपावर पांढरा जग उपडा घातलेला दिसला. मॅलकीला इतकं वाईट वाटलं की पुढे अर्धा मैल त्याला गिअर बदलायचं सुचलं नाही. बाई एकटी, वय बावन्न, आणि अकरा वर्षं तिने एका गाडीसाठी पाणी गाळलं होतं. आता तिला वाटलं असणार की त्याला पाणीच हवं होतं.

चौथ्या शुक्रवारी, टार्पीबाईंना घेऊन निघताना, तो पेट्रोलला म्हणून गॅरेजवर थांबला. गुद्रुन नळी घेऊन आली. "काय, गळत नाही ना?"

आणि जन्मात कुणाला उलट शब्द न बोललेला मॅलकी फुटला. "मी नको म्हणालो होतो! तीनदा म्हणालो होतो! तुला एवढं साधं कळू नये?"

गुद्रुनने नळी खाली ठेवली. चेहरा लाल झाला तिचा. "साधं? बारा वर्षं लागली मला हे शिकायला! चहा नको म्हणता आणि पिता. जेवण नको म्हणता आणि जेवता. जार्लाथ म्हणाला, पहिलं 'नको' खरं नसतं, इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मग? चहाचं 'नको' खोटं आणि रेडिएटरचं खरं? हे कुठे लिहिलंय?"

"अगं, पण ते वेगळं..."

"कसं वेगळं? शब्द तेच होते! 'छे छे, नको, कशाला उगाच तुला त्रास.' जसेच्या तसे! मला पाठ आहेत!"

मॅलकीने ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. शब्द तेच होते. जसेच्या तसे. ऑक्टोबर होता, सायकलची घंटी होती, आणि शब्द तेच होते. चहाला तेच, लोणीपावाला तेच, त्याच्या आईने तेच, या गावात जन्मलेल्या प्रत्येक माणसाने तेच म्हटलेले, आणि ते ऐकून आजवर एकजण तरी "बरं मग, निघतो" म्हणून निघाला होता का? एकच निघाला होता. ब्रेक न लावता.

"मॅलकी? बरं वाटत नाही का?" गुद्रुनचा राग ओसरला. "चहा घेणार?"

"हो," मॅलकी म्हणाला. पहिल्या खेपेलाच. "म्हणजे नाही. वेळ नाही. सव्वीस वर्षं..." आणि गाडीत बसला. पेट्रोल तसंच राहिलं.

गाडीने त्या दिवशी ताशी चाळीस मैलांचा वेग गाठला. टार्पीबाई दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसल्या होत्या, पण सावकाश चालव असं काही म्हणाल्या नाहीत. क्रोगच्या चढावर काटा मधोमध, इंजिन थंड, आणि नोनीच्या फाटकासमोर मॅलकीने गाडी उभी केली. वाफ नाही, धूर नाही, काही निमित्त नाही. बॉनेटसुद्धा उघडलं नाही. फाटकापर्यंतची चार पावलं तो मोकळ्या हातांनी चालला आणि ते हात कुठे ठेवायचे हे त्याला कळेना.

नोनी कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती आली, पण घाईने नाही.

"तापली?"

"नाही."

"मग पाणी नको असेल."

"नको. हे खरं 'नको' आहे."

नोनीने टोपली दुसऱ्या हातात घेतली. "रेडिएटर छान बसवलाय म्हणे."

"नोनी, एकसष्ट साली मी तुला एक विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"एकदाच विचारलं."

"एकदाच," नोनी म्हणाली, आणि एवढ्या एका शब्दात काय काय होतं ते मॅलकीला आता ऐकू आलं. "मी उभी होते इथे. वाटलं सायकल ठेवायला गेलास."

मॅलकीचे डोळे भरून आले. त्याने टोपी काढली. "दुसऱ्यांदा विचारतो. ड्रमकीलला येशील का? आमच्या घरी, राहायला?"

"दुसऱ्यांदा विचारायला सव्वीस वर्षं?"

"गाडी गळत होती गं."

नोनीने मान फिरवली आणि पिंपावरच्या उपड्या जगाकडे बघितलं. मग म्हणाली, "छे छे, नको. कशाला उगाच तुला त्रास."

मॅलकीचे पाय आपसूक गाडीकडे वळले. सवयच तशी होती. 'बरं मग' त्याच्या ओठांपर्यंत आलंसुद्धा. गाडीत मण्यांचा आवाज थांबला होता. टार्पीबाईंनी काच खाली घेतली होती आणि त्या एकेकाळी पाढा अडलेल्या पोराकडे बघत तशा त्याच्याकडे बघत होत्या. मॅलकीने फाटकाची वरची फळी घट्ट धरली.

"अगं," तो म्हणाला, "ये की."

नोनीने टोपली खाली ठेवली. हात एप्रनला पुसले. कोंबड्या टोपलीत शिरल्या, तिकडे तिने बघितलंही नाही.

"बरं," ती म्हणाली, "म्हणतोसच तर. पण अर्धाच कप."